काचेवर लिहिलेली वेळ

मास्तर गाडी अनवाणी चालवायचे आणि दुसऱ्यालाही अनवाणीच शिकवायचे. मुलुंडला पाच रस्त्यापासून थोडं आत त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. स्कूल म्हणजे एक गाळा, एक टेबल, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि बाहेर उभी असलेली फिकट निळी फियाट. गाळ्याच्या पायरीवर चपलांची रांग लागलेली असायची, त्यामुळे नव्या माणसाला आत सत्यनारायण चाललाय असंच वाटायचं. मीही फसले. पहिल्या दिवशी चपला काढून आत गेले आणि हात जोडले. मास्तरांनी मान वर केली आणि म्हणाले, "हात नकोत. पाय दाखव."

मी तेव्हा पंचविशीची होते, बी.ए. होऊन घरी बसलेली, आणि स्वभावाने तिखट. मला गाडी शिकायची होती, कारण घरातले सगळे नको म्हणत होते. एका अनोळखी माणसाने पाय दाखव म्हटल्यावर मी परतच जायला हवं होतं. पण ते इतक्या गंभीरपणे वाकून माझ्या डाव्या पावलाकडे बघत होते की रागवायचं कुठून हेच मला सुचेना. शेवटी म्हणाले, "अंगठा सरळ आहे. येईल तुला."

दिसायला ते काहीच नव्हते. बुटके, काळे, पन्नाशी ओलांडलेले, मालवणकडचे. वडील गिरणीत होते, हे स्वतः तरुणपणी एका डॉक्टरांची गाडी चालवायचे. शिकणाऱ्यांशी साधं मराठी बोलायचे. रागावले की मालवणीत जायचे आणि माया आली की तेव्हाही मालवणीतच जायचे, त्यामुळे समोरच्याला नक्की काय झालंय ते कळायला वेळ लागायचा.

शिकवण्याची तऱ्हा अशी की निम्मी माणसं आठवड्याभरात पळून जायची. गाळ्यासमोर रस्त्यावर त्यांनी चुन्याची एक रेघ मारली होती. पुढची चाकं त्या रेघेवर ठेवायची. पहिला गिअर, "मास्तर, सोडू?" असं विचारून हळूहळू क्लच सोडायचा, गाडी दोन हात पुढे न्यायची आणि थांबायचं. मग उतरून गाडी ढकलत मागे आणायची, रेघेवर. ढकलायचं काम शिकणाऱ्याचंच, बायकांनाही त्यात सूट नव्हती. गाडी एकदा न उडी मारता, न बंद पडता सुटली की माणूस खुशीत त्यांच्याकडे बघायचा. मास्तर समोर काचेतून बघत म्हणायचे, "पुन्हा."

"जमलं ना आता?" असं कोणी विचारलंच तर त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "एकदा जमलं ते तू केलंस कशावरून? आपोआप झालं असेल. तस्संच पुन्हा कर, मग म्हणेन तू केलंस."

आख्ख्या गल्लीत त्यांना पुन्हा मास्तर म्हणायचे. चौथ्या की पाचव्या दिवशी, गाडी ढकलून माझी कंबर धरली तेव्हा मी भर रस्त्यात ओरडले, "तुम्हाला दुसरा शब्द येत नाही का हो?"

मास्तरांनी जरा विचार केला. "येतो," ते म्हणाले. "पण तो अजून तुझ्या कामाचा नाही."

त्यांच्याकडून मी शिकले आणि त्यांच्याकडेच नोकरीला लागले. बायकांना शिकवायला बाई हवी होती. मला ठेवण्याचं कारण त्यांनी तोंडावर सांगितलं, "तू ओरडतेस. बायकांना घरी सवय असते, घाबरायच्या नाहीत." ही स्तुती की शिवी, ते मी विचारलं नाही.

या माणसाला मोटारींच्या शर्यतीचं वेड आहे असं मला कोणीतरी सांगितलं तेव्हा मी हसले होते. आग्रा रोडवर मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून वाजवून दमले तरी मास्तर चाळिसाच्या वर काटा जाऊ द्यायचे नाहीत. हे कसल्या शर्यती करणार! मग एका रविवारी सकाळी मी मुद्दाम बघायला गेले.

रुळांच्या पूर्वेला, मिठागरांच्या दिशेने एक सरळ रस्ता होता. कुठल्यातरी कॉलनीसाठी बांधलेला. कॉलनी कोर्टात अडकली आणि रस्ता तेवढा राहिला. दोन्ही बाजूंना मिठाचं पाणी, पांढरे ढीग, बगळे. वर्दळ नाही. तिथे काही रविवारी मोटारवेडी मंडळी जमायची. दोन-तीन गॅरेजवाले, एक टॅक्सीवाला, एक म्हातारा पारशी, मोठ्या घरची चार पोरं. चष्मा लावणारा एक अविवाहित गृहस्थ रेडिओच्या कारखान्यात कामाला होता. त्याने बांबूला पिवळे, हिरवे, लाल दिवे बांधले होते. रस्त्याच्या दोन्ही टोकांना गाडी गेल्याचं ओळखणारे विजेचे डोळे बसवले होते आणि त्यांच्या तारा एका घड्याळाला जोडल्या होत्या. सगळे त्याला दिवेवाला म्हणायचे. एक हवालदारही यायचा, पण तो बघायलाच.

तिथला नियम मला पहिल्यांदा मुळीच कळला नाही. मास्तरांनी तो रस्त्याच्या कडेला बसून मला समजावला. दोनशे मीटर जायला आपल्या गाडीला किती वेळ लागेल ते ज्याने त्याने आधीच सांगायचं. पुढच्या काचेवर चुन्याने मोठ्या अक्षरांत लिहायचं, म्हणजे सगळ्यांना दिसेल. मग दोन गाड्या शेजारी उभ्या. जिची वेळ जास्त तिला आधी सोडायचं, आणि जितका दोन वेळांत फरक तितक्या उशिराने दुसरीला. म्हणजे दोघांनी लिहिलेलं खरं केलं तर दोघे बरोबरच पोचतील. हिरवा दिवा लागायच्या आधी सुटलं तर बाद. आणि लिहिलेल्या वेळेपेक्षा कमी वेळात पोचलं तरी बाद.

"जोरात गेलं तर बाद?" मी विचारलं. "ही कसली शर्यत?"

"जोरात जायला काय, उतारावर दगडपण जातो," मास्तर म्हणाले. "मी काय आहे ते मी आधी सांगणार, आणि मग तसाच वागून दाखवणार. ही शर्यत."

मास्तरांच्या काचेवर साडेचौदा सेकंद लिहिलेलं असायचं. खटारा फियाट, तिला आणखी काय येणार. पण ते साडेचौदा म्हणजे साडेचौदाच. पिवळा दिवा विझता विझता त्यांचा उघडा पाय क्लचवरून उठायचा. पाय उठून गाडी हलेपर्यंत हिरवा लागतोच, तो दिसेपर्यंत थांबलं तर उशीर झाला, असं ते म्हणायचे. गाडी चाकं न फिरवता, न रडता रेघ सोडायची. दर वेळी इंजिनाचा तोच आवाज, त्याच जागी दुसरा गिअर. बघायला खरं सांगायचं तर कंटाळवाणं. पण तीन-चार वेळा तेच बघितलं की अंगावर काटा यायचा.

एकदा मोठ्या घरच्या पोरांपैकी एक त्यांच्यासमोर उभा राहिला. बापाने परदेशी इंजिन बसवून दिलेली लाल गाडी, गॉगल, हातमोजे, सगळा सरंजाम. काचेवर त्याने बारा लिहिलं. मास्तर आधी सुटले, हा मागून आला आणि शेवटच्या खांबाशी त्यांना मागे टाकून, आरोळी मारत पुढे गेला. दिवेवाल्याने घड्याळ बघून लाल दिवा लावला. पोरगा बाराच्याही आत पोचला होता, म्हणजे बाद. तो उतरला आणि भडकलाच.

"अरे यार, मी पुढे होतो ना! सगळ्यांनी बघितलंय!"

"पुढे होतास," मास्तर म्हणाले. "पण बारा नव्हतास."

सगळे हसले. मास्तर मात्र हसले नाहीत. त्यांनी त्या पोराला बाजूला घेऊन बराच वेळ त्याच्या क्लचबद्दल काहीतरी सांगितलं. पोरगा ऐकत नव्हता. ते तरी सांगत होते.

या साडेचौदासाठी घरात जे चालायचं ते त्यांच्या बायकोने सहन केलं म्हणूनच झालं. मी त्यांना काकी म्हणायचे. शर्यतीच्या सकाळी मास्तर काही खात नसत, कारण वजन. आदल्या आठवड्यात केस कापायला जात नसत, तेही वजनच म्हणायचे, आणि यावर आम्ही हसलो तर खरंच दुखावले जायचे. टाकीत काठी घालून पेट्रोल त्याच खुणेपर्यंत आहे ना ते बघायचे. निघण्याआधी गॅलरीत जाऊन काकींनी वाळत घातलेल्या साड्यांना हात लावायचे. साड्या दमट असल्या तर हवा जड, गाडी जरा मंद जाणार. एरवीच्या साडेचौदात त्याप्रमाणे किंचित भर घालूनच ते काचेवर लिहायचे. काकी तव्याशी उभ्या राहून मला म्हणायच्या, "ह्येंका बांगडो पण कालच्यासारखोच व्हयो. मी तरी तशीच आसंय काय ता एकदा बघूक सांग."

मी एकदा त्यांना सरळ विचारलं. दुपारची वेळ, गाळ्यात कोणी नव्हतं. "मास्तर, बक्षीस नाही, कोणी हार घालत नाही. हे सगळं कशासाठी?"

शिकवायच्या फियाटला डाव्या बाजूलाही एक क्लच आणि एक ब्रेक होता, मास्तरांच्या पायाशी. त्यांनी गाळ्यातून त्या दिशेला बोट दाखवलं. "उजवीकडे बसलेली पोर चुकणार. ती चुकायलाच आलेली आहे. तिची आई तिला माझ्या भरवशावर पाठवते. म्हणजे मी चुकायचं नाही. ती घाबरली की माझा पाय खाली गेलाच पाहिजे, रोज, त्याच घटकेला." मग म्हणाले, "तो जातो की नाही ते मला कसं कळणार? माणसाला वाटतं, आपण होतो तसेच आहोत. म्हणून रविवारी जाऊन बघून येतो."

मला ते तेव्हा जरा जास्तच वाटलं. वर्षानुवर्षं शिकवणारा माणूस, याला सारखी स्वतःची परीक्षा कशाला हवी? आज वाटत नाही.

शेवटची वर्षं मास्तरांची फार वाईट गेली. ती मी थोडक्यात सांगते, कारण मला त्यांत रमायचं नाही. आधी डावा पाय गेला, मग डावा हात, मग मान, मग बोलणं. चेहरा असा झाला की हसतायत की रागावलेत ते काकींनासुद्धा कळेना. मी आठवड्यातून एकदा जायचे. काकी चमच्याने पेज भरवायच्या आणि पदराने त्यांची हनुवटी पुसायच्या. ज्या माणसाने आयुष्यभर स्वतःच्या पावलावर पहारा ठेवला त्याचंच पाऊल त्याच्या ताब्यात नव्हतं. मला त्या घरातून निघताना कोणाला तरी मारावंसं वाटायचं, आणि मारायला कोणी नव्हतं. मास्तर गेले तेव्हा मी रडले नाही. रडून झालं होतं. ते कधी, तेच सांगायचं आहे.

सुरुवात काचेवरच्या वेळेने झाली. एका थंडीत मास्तर हरायला लागले. साडेचौदा लिहायचे आणि कधी पंधरा यायचे, कधी त्याहून जास्त. एखाद्या वेळी बरोबर यायचे, की चेहरा उजळायचा आणि पुढच्याच खेपेला पुन्हा फिसकटायचं. मास्तरांना हरण्याचं काही नव्हतं. पण ते कारण शोधत बसले. क्लच प्लेट बदलली. कार्बोरेटर उघडून रॉकेलने धुतला. टायर बदलले. गॅरेजवाला त्यांचा जुना दोस्त, तोही शेवटी वैतागला. "मास्तर, या गाडीत आता तुमच्याशिवाय जुनं काही राहिलं नाही," असं तो थट्टेने म्हणाला. मास्तरांनी त्याच्याकडे असं काही बघितलं की तो हातातलं फडकं घेऊन आत निघून गेला.

नंतर बाजारातला प्रकार झाला. बँकेत काम करणारी एक बाई शिकत होती, मास्तर तिच्या डावीकडे, आणि मी मागच्या सीटवर, कारण मला पुढे उतरायचं होतं. भाजीवाल्यांच्या रांगेपाशी बाई गोंधळल्या. क्लच सुटला, दुसरा पाय पेट्रोलवर तसाच, आणि गाडीने उडी घेतली. असं शंभरदा झालेलं आहे. दर वेळी मास्तरांचे पाय खाली जायचे, आधी क्लच, लगेच ब्रेक, आणि गाडी जागच्या जागी थांबायची. या वेळी गाडी थांबली, पण उशिरा. एका भाजीवालीची टोमॅटोची पाटी चाकाखाली गेली. ती स्वतः कशीबशी मागे सरकली. तिचं तान्हं पाटीच्या पलीकडे पोत्यावर झोपलेलं होतं.

भाजीवालीने आमचा उद्धार केला आणि तिचा तो हक्कच होता. बँकेतल्या बाई रडायला लागल्या. मास्तर उतरले, अनवाणीच, आणि खाली बसून रस्त्यावरचे धड टोमॅटो गोळा करायला लागले. मग उठायला गेले आणि त्यांना उठता येईना. डावा पाय टाचेपासून थरथरत होता. त्यांनी त्यावर हात दाबून धरला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पेडल अडकलं."

गाळ्यावर आल्यावर मी डावीकडच्या सीटवर बसून ते पेडल दाबून बघितलं. दहादा दाबलं. ते लोण्यासारखं जात होतं. मास्तर दारात उभे राहून बघत होते.

त्या संध्याकाळी मी काकींकडे गेले. त्यांना सगळं माहीत होतं. "चपलेत पाय शोधीत बसतत," त्या म्हणाल्या. "झोपेत सुद्धा पाय हलता तेंचो. सांगूक गेलंय तर माझ्यारच खेकसतत." डॉक्टरकडे जायला मास्तर तयार नव्हते. त्यांचं म्हणणं, डॉक्टर एकदा बघणार आणि सांगून मोकळा होणार. एकदा बघून काय कळतं?

पण त्यांनी शिकवणं थांबवलं. कोणाला काही सांगितलं नाही, आठवडाभर गाडीला काम आहे अशी पाटी लावली. आणि मग मला म्हणाले, "बुधवारी सकाळी मिठागराकडे ये. दिवेवाल्याला सांगितलंय. आधी मी तीनदा जाणार, मग तू तीनदा जायचं. तू हलकी आहेस, तुझी वेळ माझ्यापेक्षा वेगळी येईल, ते सोड. आपल्याला बघायचंय की तीन खेपा एकमेकींसारख्या येतात का. तुझ्याही वेगवेगळ्या आल्या तर गाडीत खोट आहे. सारख्या आल्या तर..." पुढचं वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. करायची गरजही नव्हती.

बुधवारी तिथे आम्ही तिघेच होतो. मिठागरातली माणसं लांब कामाला लागली होती. दिवेवाल्याने बांबू उभा केला, तारा जोडल्या आणि चष्मा पुसत बसला. त्याला काय चाललंय ते कळलं असावं, कारण तो आमच्यापैकी कोणाकडेच बघत नव्हता.

मास्तरांच्या तीन खेपा झाल्या. पहिली साडेचौदाच्या जवळ, दुसरी पंधराच्या पुढे, तिसरी जवळजवळ सोळा. तिसऱ्या खेपेला गाडीने रेघेवरच गचका खाल्ला. शिकाऊ माणसाच्या हातून खाते तसा.

मग मी बसले. चपला काढल्या. काचेवर काही लिहिलं नाही. पिवळा विझला, पाय आपोआप उठला, गाडी सुटली. दिवेवाल्याने वेळ सांगितली. मी वळून आले, रेघेवर आले, पुन्हा गेले. दुसरी वेळ पहिल्यासारखीच आली. दिवेवाला ती इतक्या हळू बोलला की मास्तरांनी त्याला पुन्हा सांगायला लावलं.

तिसऱ्या खेपेसाठी रेघेवर उभी असताना मी मास्तरांकडे बघितलं. ते रस्त्याच्या कडेला, हात मागे बांधून उभे होते. ते काय मागत होते ते मला माहीत होतं. तिसरी वेळ बिघडावी, एवढंच. नवीन क्लच प्लेट वाईट निघावी, कार्बोरेटरात कचरा असावा, काहीही असावं, पण ते गाडीत असावं. माझ्या मनात दुसरा विचारच आला नाही. मी चांगली सुटले, दुसरा गिअर घेतला आणि शेवटच्या खांबाच्या जरा अलीकडे पेट्रोलवरचा पाय उचलला. वेळ चांगलीच वाढून आली. आजही तशी वेळ आली तर मी पाय उचलीन.

गाडी वळवून परत आले. "बघा," मी खिडकीतून म्हटलं, "माझीपण चुकली. गाडीतच काहीतरी आहे, मास्तर."

मास्तर खिडकीपाशी आले. "खांबाशी पाय उचललास."

"नाही."

"पाय बिघडला असेल गो माझा. कान शाबूत आहेत." त्यांनी खिडकीच्या काठावर हात ठेवला. "पुन्हा."

"नाही करणार."

"पुन्हा कर."

"नाही म्हटलं ना! काय करायचंय तुम्हाला कळून? रविवारी येऊ नका, झालं. मी शिकवते सगळ्यांना, तुम्ही नुसते बसा टेबलाशी. कोणी विचारणार नाही." मी ओरडत होते आणि माझ्या नाकातून पाणी गळत होतं.

मास्तर जराही रागावले नाहीत. ते हळू आवाजात म्हणाले, "त्या पोत्यावर पोर होतं. बघितलंस ना? उद्या मला बरं वाटलं की मी डावीकडे बसणारच. मला माहीत आहे मी बसेन. एक दिवस पाय चांगला चालला की मला वाटेल, झालं सगळं ठीक. म्हणून मला आज कळू दे. खरं जा."

मी खरं गेले. रडत रडत गेले, समोरचा रस्ता मला धड दिसत नव्हता. पण पायाला दिसायची गरज नव्हती. तो पाय मास्तरांनी घडवलेला होता. तो पिवळ्या दिव्याबरोबर उठला, त्याच जागी दुसरा गिअर पडला, आणि वेळ आली ती पहिल्या दोनांसारखीच. दिवेवाल्याने ती सांगितली आणि लगेच तारा गुंडाळायला लागला.

मास्तर बोनेटवर हात ठेवून उभे होते. इंजिनाची ऊब हाताला लागत असावी. "गाडी बरी आसा," ते म्हणाले.

मी उतरले. आणि मूर्खासारखं बोलले. "मास्तर, जास्त वेळ लिहा काचेवर. सोळा लिहा. हळू गेलं तर चालतं ना आपल्याकडे?"

"चालतं. हळू झालो असतो तर हळू लिहिलं असतं. त्याची लाज नाही मला." त्यांनी रिकाम्या काचेकडे बघितलं. "पण आज एक आणि उद्या दुसरंच. मग काय लिहू? सांग तू. काय लिहू?"



ते गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला आले. पुढचं दार उघडलं आणि तिथल्या दोन पेडलांकडे बघत उभे राहिले. मग ते दार हलकेच लावलं, मागचं दार उघडलं आणि सवारी बसते तसे मागे बसले. डावा पाय त्यांनी दोन्ही हातांनी उचलून आत घेतला.

मी चालवायला बसले. चावी फिरवली, क्लच दाबला, पहिला गिअर टाकला. आरशात त्यांचा अर्धा चेहरा दिसत होता, मिठागरांकडे वळलेला. इतक्या वर्षांची सवय, माझ्या तोंडून निघून गेलं, "मास्तर, सोडू?"

"आता माका इचारू नको गो," मास्तर म्हणाले.